वेळ सोडून सगळं दाखवणारं घड्याळ

आमच्या साडूंइतकी घड्याळाची सेवा आजवर कुणी केली नसेल, आणि त्यांच्याइतका उशीरही आजवर कुणी केला नसेल. जगात वेळ पाळणारे लोक असतात, वेळ वाया घालवणारे असतात आणि मधल्या प्रशस्त जागेत उरलेले आपण असतो. आमचे साडू यांतल्या कुठल्याच खान्यात बसत नाहीत. ते वेळ सजवतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. मळवलीच्या पुढे, भातखाचरं आणि दुसऱ्यांचे बंगले यांच्या मधोमध त्यांचं घर आहे. तळेगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर एक भला मोठा पडदा असलेला कॉम्प्युटर आणून बाहेरच्या खोलीत, दारासमोर, जिथे इतर लोक गणपतीची तसबीर लावतात तिथे मांडला. तो कॉम्प्युटर फारसं काही करत नाही. त्यावर एक घड्याळ असतं.

आता घड्याळ प्रत्येकच कॉम्प्युटरवर असतं. खालच्या कोपऱ्यात, कुणी न मागता, कुणाचं न बिघडवता ते बिचारं चाललेलं असतं. माझ्याही कॉम्प्युटरवर आहे. मला ते पुरतं. दाजींना त्या घड्याळाचा मनापासून तिटकारा. "ते म्हणजे सरकारी चहा," ते म्हणतात. "सगळ्यांना एकाच मापाचा, एकाच चवीचा. प्या नाहीतर उठा." त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते कोपऱ्यातलं घड्याळ लपवलं आणि इंटरनेटवरून दुसरं उतरवून घेतलं, ज्याला म्हणे विजेट म्हणतात. या विजेटची तबकडी बदलता येते, काटे बदलता येतात, रंग, आकार, आवाज, सावली, एवढंच काय, काट्याच्या टोकाची गोलाई बदलता येते. मला हे सगळं दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदा विहिरीला पाणी लागलेल्या माणसाचा आनंद होता. मी विचारलं, "आणि वेळ?" ते म्हणाले, "ती आहेच हो. ती कुठे जाते."

एकदा ते आमच्याकडे लोणावळ्याला आले असताना माझ्या पडद्यावरचं ते कोपऱ्यातलं घड्याळ त्यांनी बराच वेळ पाहिलं. परक्या घरातलं कुपोषित मूल पाहावं तसं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं सगळं आयुष्य फॅक्टरी सेटिंगवर चाललंय."

तयार मिळालेली वस्तू तशीच वापरणं हा ते स्वतःचा अपमान समजतात. त्यांच्या स्कूटरचे आरसे त्यांनी आतल्या बाजूला वळवून बसवले आहेत, त्यामुळे मागची वाहनं दिसत नाहीत. मात्र मागे बसलेल्या अक्का दिसतात, आणि खरा धोका तिकडूनच असतो असं त्यांचं म्हणणं. सदऱ्याचा खिसा आतून शिवून घेतात. बाजारात त्यांच्याबरोबर जाणं हे तर धैर्याचं काम. लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या दुकानात, सुट्टीच्या गर्दीत, मागे पर्यटकांची रांग लागलेली असताना त्यांनी विचारलं, "शेंगदाणा जरा जाडसर ठेवून, गूळ कमी घालून मिळेल का?" दुकानदार म्हणाला, "काका, ही पाकिटात बंद असते." दाजी शांतपणे म्हणाले, "म्हणून तर आधी विचारतोय." रांगेतल्या लोकांनी जे काही म्हटलं ते मी ऐकलं. दाजींनी ऐकलं नाही, कारण ते पाकीट उलटं करून त्यावरच्या अक्षरांचं वळण तपासत होते.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. खरं रूप घड्याळापाशी. सुरुवातीला त्यांनी तबकडीमागे लोहगडाचं चित्र लावलं. मग खाचरांचं. मग एक दिवस, प्रेमाचा उमाळा येऊन, अक्कांचा लग्नातला फोटो लावला. अक्कांनाही ते आवडलं होतं, दुपारपर्यंत. काट्यांचा मधला खिळा नेमका त्यांच्या नाकाखाली आला होता. "धाकटीला म्हणावं येऊन बघ," त्यांनी माझ्या बायकोला फोन करणाऱ्या दाजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पावणेतीनला मला मिशा येतात. सव्वानऊला सकाळी पण आल्या होत्या, मी बोलले नाही." दाजींनी फोन बाजूला ठेवून पाहिलं. खरंच भरघोस मिशा आल्या होत्या. त्यांनी काय करावं? फोटो काढावा, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्यांनी काटे बारीक केले. "आता कोवळ्या दिसतायत," ते म्हणाले. त्या रात्री, मी ऐकलं ते असं, की भाजी अक्कांनी केलीच नाही.

मग आवाजाचा काळ आला. ठोक्यांचा आवाज घंटेचाच का, या प्रश्नाने त्यांना पछाडलं. पुष्कळ विचारान्ती त्यांनी स्वतःच्या घरातल्या कुकरची शिट्टी मोबाइलवर भरून घेतली आणि ती तासांना जोडली. दोन वाजले की दोन शिट्ट्या, तीन वाजले की तीन. कल्पना घरगुती होती, यात वाद नाही. पण अक्का ऐन अकराला भात लावत. खऱ्या कुकरच्या आणि घड्याळाच्या शिट्ट्या एकमेकींत मिसळत, अक्का गॅस बंद करत आणि दाजींच्या घरी तो महिनाभर जो भात मिळाला तो दाताखाली वाजत असे. बाराला बारा शिट्ट्या झाल्या तेव्हा शेजारच्या बंगल्याची राखण करणारी मावशी पदर खोचून धावत आली होती. "अक्का, निजलीस व्हय गं? घर उडंल की!" तिने गॅस बंद केला, जो आधीच बंद होता, आणि जाताना त्या पडद्याकडे बघून दाजींना म्हणाली, "येवडा मोटा टीव्ही, आन् लावलंय काय तर घड्याळ."

तुम्ही म्हणाल, निदान वेळ तरी बरोबर दाखवत असेल. इथे त्या घराची एक जुनी चाल सांगायला हवी. त्या घरात घड्याळ नेहमी पुढे लावलेलं असतं. ही चाल सुरू केली आबांनी. आबा म्हणजे दाजींचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दाजी पाटीपेन्सिलच्या वयाचे होते. आबांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. आबा रेल्वेत गेटमन होते. गावाखालच्या फाटकावर त्यांची ड्युटी. उशीर होऊ नये म्हणून घरातलं घड्याळ ते पाव तास पुढे ठेवत आणि त्या पाव तासाच्या जोरावर त्यांनी आयुष्यभर फाटक वेळेवर लावलं आणि वेळेवर उघडलं. दाजींनी ही चाल विजेटमध्येही आणली. पण अडचण अशी की घड्याळ किती पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. ते बघतात, मनात वजाबाकी करतात आणि पुन्हा आरामात बसतात. दाजींनी यावर उपाय काढला. घड्याळ रोज किती पुढे असावं हे त्यांनी घड्याळावरच सोपवलं: कधी पाच मिनिटं, कधी वीस, आणि ते कुणालाही, अगदी दाजींनाही, कळणार नाही. तळेगावला नात्यातला साखरपुडा होता, त्या दिवशी घड्याळाच्या मनात पाचच मिनिटं होती आणि या दोघांनी वजा केली वीस. लोकल गेली. ते पोचले तेव्हा मंडळी विडा खाऊन पाय मोकळे करत होती. "घड्याळाचा दोष नाही," दाजी मांडवात उभं राहून म्हणाले. "त्याच्यावर आपण अविश्वास दाखवला."

अक्का त्या दिवसापासून मोबाइलवर वेळ बघतात. कोपऱ्यातली, साधी.

मी या विषयावर दाजींशी पुष्कळ भांडलो आहे. माझं म्हणणं असं, की चांगल्या वस्तूने आपल्या कामात अडथळा आणू नये आणि ती आहे हेही आपल्याला आठवू नये. दाजींचं म्हणणं, माणूस वस्तूप्रमाणे वागायला लागला की तो कुणाच्याही प्रमाणे वागायला लागतो. "माणसाने घड्याळाप्रमाणे चालायचं, की घड्याळाने माणसाप्रमाणे?" असं ते विचारत, आणि हा प्रश्न विचारताना ते नेमके कुठल्यातरी समारंभाला उशिरा पोचलेले असत. वाद असाच सुखाने चालू राहिला असता. पण आबांच्या बायको, म्हणजे दाजींच्या वहिनी, वारल्या आणि आबा दाजींकडे राहायला आले.

आबांची स्मरणशक्ती तोवर सुटू लागली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सांभाळा. बाकी आबांचा काही त्रास नव्हता. जेवत, हसत, कुठल्यातरी जुन्या म्हशीची चौकशी करत. अडचण एकच होती आणि ती दुपारची होती. जेवून ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपत. आमच्याकडे श्रावणात धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्यांचा उजेड एकच, पातळ ताकासारखा. अशा दुपारी झोपून उठलं की धडधाकट माणसालाही क्षणभर कळत नाही, पहाट आहे की सांज. आपल्याला क्षणभर. आबांना ते कळतच नसे. ते उठत, कानटोपी चढवत, कोपऱ्यातली छत्री घेत आणि निघत. "डुटी हाय." रुळांकडे.

ते फाटक रेल्वेने केव्हाच काढून टाकलं होतं. रस्ता आता वळून पुलावरून जातो. पण रूळ तिथेच आहेत आणि त्यावरून गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जातात. दोनदा अक्कांनी आबांना बांधावरून माघारी आणलं. आबांचा मुलगा पुण्याला नोकरीला. चांगला मुलगा, रोज फोन करणारा. त्याने दाजींना सांगितलं, "काका, तुमचं वय झालंय, काकूंचं झालंय. पुन्हा असं झालं तर मी त्यांना इकडे घेऊन येतो. घराजवळ एक संस्था आहे. चांगली आहे. दाराला कुलूप असतं." त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. दाजी फोन ठेवून म्हणाले, "कुलूप. आबांना. ज्यांनी उभा जन्म फाटक उघडलं, त्यांना."

मग त्यांनी निष्कर्ष काढला, आणि तो फक्त तेच काढू शकत होते. "आबांना वेळ कळत नाही. म्हणजे हा प्रश्न घड्याळाचा आहे."

पडदा दिवाणाच्या समोरच होता. पहिलं घड्याळ त्यांनी केलं त्यात आकाश होतं, सरकणारा सूर्य होता, दुपारी झाडाची सावली आखूड होई, संध्याकाळी पक्षी परतत. खाली तिथी, वर हवामान. अतिशय देखणं काम. आबांनी ते मन लावून पाहिलं आणि विचारलं, "बातम्या कवा लागत्यात?"

मी म्हणालो, दाजी, एकदा माझं ऐका. साधं ठेवा. नुसते मोठे आकडे. दाजी इतके काळजीत होते की त्यांनी चक्क ऐकलं. काळ्या पडद्यावर पांढरे, ठळक आकडे आले, माझ्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे थोरले बंधू शोभावेत असे. मला मनातून फार बरं वाटलं. आबा उठले, पाहिलं, वाचलंही. "चार धा." मी दाजींकडे विजयाने पाहिलं. तेवढ्यात आबांनी विचारलं, "पहाटंचे का सांजचे?"

साधेपणाकडे याचं उत्तर नव्हतं. आबांनी कानटोपी चढवली.

यानंतर दाजींना ती कल्पना सुचली, आणि ती सुचली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. रविवार होता, मी आणि बायको दोघंही गेलो. "आबा रेल्वेचे," दाजी म्हणाले. "त्यांना रेल्वेचीच वेळ कळणार. आपण त्यांना आपलं घड्याळ दाखवत बसलो." पडद्यावर आता चोवीस तासांचं घड्याळ होतं, फलाटावर असतं तसंच, लाल आकड्यांचं, वर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत मळवली. खाली अप आणि डाऊन गाड्या. आबा उठले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांची पाठ, जी वर्षभर वाकलेली होती, ती सरळ झाली. "सोळा धा," ते खणखणीत म्हणाले. पहाट की सांज हा प्रश्नच उरला नाही. अक्कांनी पदराने डोळे टिपले. आम्ही सगळे चहाला स्वयंपाकघरात गेलो. दाजी मात्र मागे थांबून आकड्यांचा लाल रंग थोडा आणखी रेल्वेसारखा करत बसले, दिवाणाकडे पाठ करून.

चहा घेऊन अक्का बाहेर आल्या तेव्हा दाजी रंगच लावत होते आणि दिवाण रिकामा होता.

त्यात नवल काय? मळवलीच्या पाटीखाली, लाल आकड्यांपुढे, गाडीची वेळ होत आलेली दिसल्यावर गेटमनने दुसरं काय करावं? आम्ही धावलो. दाजी सगळ्यांच्या पुढे, एका पायात चप्पल. धुक्यात काही दिसेना, पण हॉर्न ऐकू येत होते, गाड्यांचे, आणि त्या दिशेने आम्ही गेलो. जुनं फाटक होतं तिथे, जिथून रस्ता आता पुलाकडे वळतो, त्या वळणावर आबा उभे होते. छत्री आडवी धरलेली. समोर मोटारींची रांग, भाजे लेण्यांहून परतणारे सुट्टीतले लोक. पहिल्या, बंगल्याएवढ्या मोटारीतून धुक्यातही काळा चष्मा लावलेला एक तरुण उतरला होता.

"काका, बाजूला व्हा ना. काय प्रॉब्लेम आहे?"

"गाडी येतीया."

"अहो, पण इथे फाटकच नाही!"

"म्हनून तर मी हुबा हाय," आबा म्हणाले.

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे, पण कर्तव्यावर याहून नेमकं वाक्य मला आठवत नाही. दाजींनी धापा टाकत आबांचा दंड धरला. "आबा, चला घरी."

"डुटी सोडून? खुळा का काय तू?"

दाजींनी ओढलं नाही. दंड तसाच धरून ते शेजारी उभे राहिले. चष्मेवाल्या तरुणाने आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग काय समजला कोण जाणे, त्याने स्वतःच मागच्यांना हाताने हॉर्न बंद करायला सांगितलं. थोड्या वेळाने गाडी आली. धुक्यात आधी नुसता थरकाप, मग आवाज, मग खिडक्यांचा पिवळा पट्टा, हाताच्या अंतरावर वाटावा इतका जवळून. ती गेल्यावर आबांनी शेवटचा डबा नीट पाहून घेतला आणि छत्री वर केली. "जावा आता. दमानं." मोटारी एकामागून एक गेल्या. चष्मेवाल्याने जाताना काच खाली केली आणि मान हलवली.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "पुण्याला कळवू नका. माझी शपथ आहे." माझी बायकोही तेच म्हणाली. दाजींनी फोन उचलला आणि पुतण्याला सगळं सांगितलं. रंग बदलत बसलो होतो हेसुद्धा. पुतण्या म्हणाला, येत्या रविवारी गाडी घेऊन येतो.

तो आठवडा दाजींनी कसा काढला हे अक्का माझ्या बायकोला फोनवर सांगत होत्या. ते पडद्यासमोर बसत आणि, अक्का म्हणाल्या, "काढतायत गं नुसते. काही घालत नाहीत." पिवळी पाटी गेली. अप-डाऊन गेलं. लाल आकडे गेले. सूर्य, सावली, पक्षी, तिथी, वर्षानुवर्षं जपलेली काट्यांची गोलाई, सगळं गेलं. ज्या माणसाला कोपऱ्यातलं घड्याळ कुपोषित वाटत होतं त्याने सगळा पडदा खरवडून रिकामा केला. मी शनिवारी फोन केला. म्हटलं, "दाजी, काय ठेवलंत?" ते म्हणाले, "अजून विचार करतोय. आबांना काय कळायला हवं, ते मला अजून कळत नाहीये. वेळ नाही, एवढं नक्की."

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. पुतण्या आलेला होता. वडिलांच्या कपड्यांची पिशवी अक्कांनी भरली नव्हती आणि त्याने मागितली नव्हती. त्या पिशवीची जागा मध्ये रिकामी ठेवून सगळे बसले होते. बाहेर तेच धुकं. पडद्यावर, फिकट पार्श्वभूमीवर, हातभर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी होत्या:

दुपार.
आज सुट्टी आहे.

आबा उठले. दिवाणाच्या काठावर बसून त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि त्यांचा हात सवयीने कानटोपीकडे गेला. पुतण्या उभा राहिला. आबांची नजर पडद्यावर गेली. ते अक्षर लावून वाचू लागले, ओठ हलवत.

"सुट्टी हाय?"

"व्हय, आबा," दाजी म्हणाले.

"कुनी दिली?"

"मी."

आबांनी मान वळवून दाजींकडे पाहिलं. मग अगदी सरळ, राग नाही, लोभ नाही, अशा आवाजात विचारलं, "तू कोन?"

आयुष्यभर प्रत्येक वस्तूला आपल्या मनासारखं वळवणारा तो माणूस आता समोर जे आलं ते जसंच्या तसं घेत होता, एक टाचणीभर न बदलता.

"स्टेशन मास्तर," दाजी म्हणाले.

आबा चटकन उठून उभे राहिले. कानटोपी काढून हातात घेतली, केस सारखे केले. "साहेब! बसा की. हुबं का? अगं, साहेबास्नी च्या टाक." आणि साहेब बसल्यावर, त्यांच्याकडे पाहत, आदराने जरा अंतर ठेवून, स्वतःही बसले. फाटकाकडे जायचं नाव निघालं नाही.

पुतण्या त्या संध्याकाळी एकटाच परत गेला. जाताना दारात त्याने दाजींना विचारलं, "काका, पण रोज चालेल का हे?" दाजी म्हणाले, "रोज करून बघू."

त्याला आता वर्ष झालं. चालतंय. काही दुपारी आबा वाचून लगेच आडवे होतात, काही दुपारी दोनदा विचारून खात्री करून घेतात. सकाळी पडद्यावर सकाळ असते, रात्री रात्र, आणि सुट्टी सदैव. वेळ म्हणून त्या घड्याळात काहीच नाही. आलेगेले लोक पाहतात आणि मोबाइल काढतात. मी मध्ये दाजींना म्हटलं, शेवटी माझंच खरं झालं की नाही? साधं ते साधंच. ते म्हणाले, "अहो, यात एकाच माणसापुरतं सगळं बसवलंय. दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही. तुम्ही याला साधं म्हणता?" मी वाद सोडला.

दुपारी ते आता आबांपाशीच बसतात, माउसला हात न लावता. परवा मी होतो. आबांनी सुट्टी वाचली, चहा घेतला आणि थोडे पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, एक अर्ज हाय तोंडी. माजा धाकटा भाऊ हाय. बारीक हाय अजून. लय हुशार. हातात पडंल ती वस्तू खोलून बसतो, पर मनानं लय चांगला. त्याला बी कुटंतरी चिकटवा की. मी मागं हाय तवर ठीक हाय, फुडं त्याला कोन?"

दाजींनी बशी खाली ठेवली. खिडकीतून आत आलेलं धुकं त्यांच्या चष्म्यावर बसलं असावं, कारण त्यांनी तो काढून सदऱ्याला पुसला, आणि पुसतच राहिले.

"बघतो, आबा," ते म्हणाले. "त्याची काळजी करू नका."